जिंकलेल्या मुलखातले रासायनिक कारखाने : आराखडा सरकारचा होता की कंपनीचा?

अनुघटक (धागालेखक)

मंडळी, नमस्कार.

आय. जी. फार्बेन या जर्मन रसायन कंपनीचं नाव निघालं की चर्चा बहुतेक वेळा झायक्लॉन-बी या विषारी वायूपाशी येऊन थांबते. ते समजण्यासारखं आहे. तो विकणाऱ्या डेगेश कंपनीत फार्बेनचा ४२.५ टक्के वाटा होता. मला मात्र त्याच्या मागची एक गोष्ट मांडायची आहे, जी मराठीत फारशी वाचायला मिळत नाही. १९३८ ते १९४५ या काळात जर्मनीने जे जे देश घेतले, तिथल्या रासायनिक कारखान्यांचं काय करायचं हे ठरवत कोण होतं? सरकार, लष्कर की कंपनी?

माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात उत्पादन नियोजनात गेली. कच्चा माल किती मागवायचा, वाफ आणि वीज किती लागेल, कुठला प्लँट कधी शटडाऊनला घ्यायचा, माणसं कुठून आणायची, हेच रोजचं काम. युद्धानंतर न्यूरेंबर्गला फार्बेनच्या वरिष्ठांवर चाललेल्या खटल्यातली कागदपत्रं वाचताना त्यातले तक्ते आणि बैठकांची टिपणं मला ओळखीची वाटली. याचाच मला जास्त त्रास झाला, आणि म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. बीएएसएफ, बायर, होक्स्ट, आग्फा आणि आणखी काही कंपन्या डिसेंबर १९२५ मध्ये एकत्र येऊन आय. जी. फार्बेन झाली. लॉयनाच्या कारखान्यात कोळशापासून पेट्रोल करण्यात कंपनीने प्रचंड पैसा घातला होता, पण आयात पेट्रोलपुढे ते भावात टिकेना. १४ डिसेंबर १९३३ ला सरकारशी करार झाला. सरकार ठरलेल्या भावाची हमी देणार आणि कंपनी १९३७ अखेरपर्यंत वर्षाला साडेतीन लाख टनांची क्षमता उभी करणार. बाजारात जे पेट्रोल विकलं गेलं नसतं, ते आता युद्धाच्या तयारीचा भाग झालं.

१९३६ मध्ये हिटलरचा मंत्री गोरिंग याच्या हाताखाली चार वर्षांची योजना सुरू झाली. तिच्यातला रसायनांचा विभाग सांभाळायला कार्ल क्राउख आला. हा फार्बेनच्या संचालक मंडळावरचा माणूस. सरकारी कामाला येताना त्याने कंपनी सोडली नाही, पगारही कंपनीचाच घेत राहिला आणि हाताखाली बरीचशी माणसंही कंपनीतूनच आणली. १९३८ मध्ये तो रासायनिक उत्पादनाच्या विशेष प्रश्नांसाठी नेमलेला सरकारचा सर्वाधिकारी झाला. १९४० मध्ये कार्ल बॉश वारल्यावर तोच फार्बेनच्या देखरेख मंडळाचा अध्यक्ष. मागणी नोंदवणारा, लोखंड-सिमेंटचा कोटा मंजूर करणारा आणि माल पुरवणारा हे तिघे एकाच टेबलाशी बसलेले. कुंपणच शेत खातं म्हणतात ते असं.

आता जर्मनीबाहेर येऊ. पोलंडवर हल्ला झाला १ सप्टेंबर १९३९ ला. ७ सप्टेंबरला, वॉर्सा अजून पडलेलं नसताना, फार्बेनचा व्यापारी विभाग पाहणारा गेऑर्ग फॉन श्निट्झलर तारेने कळवतो की पोलंडमधल्या रंग कारखान्यांत मौल्यवान साठा आहे, त्याच्याकडे जाणकारांनी लक्ष द्यायला हवं. आठवड्याभरात अर्थमंत्रालयाकडे कंपनीचा प्रस्ताव गेला, की बोरुता, वोला आणि विनित्सा हे तीन कारखाने विश्वस्त म्हणून आमच्या स्वाधीन करा. विश्वस्त म्हणून सरकारने कंपनीचेच लोक नेमले. पुढे बोरुता फार्बेनने विकत घेतला. वोला आणि विनित्सा बंद करून त्यांची यंत्रं जर्मनीत हलवली. वोलाचे मालक मॉरित्सी श्पिलफोगेल ज्यू होते. कारखाना गेला, घर गेलं, त्यांची रवानगी वॉर्साच्या घेट्टोत झाली. ते वाचले आणि न्यूरेंबर्गला साक्षीला उभे राहिले.

विक्रेता कोण होता पाहा. जप्त मालमत्ता सांभाळायला गोरिंगने त्याच वर्षी एक खातं उघडलं होतं. विकणारं ते खातं, घेणारी फार्बेन, आणि मालक व्यवहारात कुठेच नाही.

आणि मग ऑशविट्झ. फार्बेनला कृत्रिम रबराचा, म्हणजे बुनाचा, चौथा मोठा कारखाना हवा होता. कोळसा आणि चुनखडीपासून कॅल्शियम कार्बाइड, त्यापासून ॲसिटिलीन, मग ॲसिटाल्डिहाइड, ब्युटाडाईन आणि शेवटी रबर, असा लांबचा रस्ता. कार्बाइडच्या भट्ट्यांना वीज अफाट लागते. त्यामुळे जागा शोधताना कोळसा, चुना, पाणी, पुरापासून उंच सपाट जमीन आणि रेल्वे या पाच गोष्टी बघायच्या. फार्बेनचा संचालक ऑटो आम्ब्रोस याने त्या सोला आणि विस्तुला नद्यांच्या संगमाजवळ ओश्वेंचिम (जर्मन नाव ऑशविट्झ) इथे पाहिल्या. कोणताही इंजिनियर याच यादीने जागा पाहील, मीही पाहिली असती.

यादीत नसलेली गोष्ट पुढच्या पत्रव्यवहारात येते. १८ फेब्रुवारी १९४१ ला गोरिंगने एसएस या नाझी निमलष्करी दलाचा प्रमुख हिमलर याला लिहिलं की ऑशविट्झमधले ज्यू ताबडतोब हलवा, म्हणजे बांधकामावरच्या लोकांसाठी घरं मोकळी होतील, आणि छळछावणीतून जास्तीत जास्त कैदी कामाला द्या. हे पत्र क्राउखच्या सांगण्यावरून गेलं होतं. गावातल्या ज्यूंना सोस्नोव्हिएत्स आणि बेंद्झिनच्या बाजूला हाकललं गेलं. ७ एप्रिलला कातोवित्सेत कारखान्याची स्थापना बैठक झाली. १२ एप्रिलला आम्ब्रोस वरिष्ठांना लिहितो की एसएसशी झालेली आपली नवी मैत्री फार लाभदायक ठरते आहे.

कैद्यांचा दर अकुशलाला दिवसाला ३ मार्क आणि कुशलाला ४ मार्क. पैसे जायचे एसएसच्या खात्यात. सुरुवातीला कैदी मुख्य छावणीतून सहा-सात किलोमीटर चालत यायचे आणि दिवसभराच्या कामानंतर तेवढंच परत. काम करायला अंगात जीव उरायचा नाही. १९४२ च्या उन्हाळ्यात छावणीत टायफसची साथ आली आणि पुरवठा तुटला. कंपनीने यावर काढलेला तोडगा असा : मोनोविट्झ गाव रिकामं केलेलंच होतं, तिथे कंपनीच्या खर्चाने कारखान्याला लागून छावणी बांधली. ती ऑक्टोबर १९४२ मध्ये सुरू झाली आणि १९४४ च्या मध्यावर तिथे सुमारे ११ हजार माणसं होती. आजाऱ्यांचं प्रमाण ठरावीक टक्क्यांवर गेलं की जादाचे कैदी बिर्केनाऊला, म्हणजे गॅस चेंबरकडे. नियोजनाच्या कागदावर ही 'मनुष्यबळाची अदलाबदल'.

कंपनीने इथे स्वतःचे साठ कोटींहून जास्त मार्क घातले. १९४३ च्या शरद ऋतूपासून मिथेनॉल निघालं. बुना रबर एक किलोही निघालं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. सरकारने कंपनीला जुंपलं की कंपनीने सरकारला वापरलं, हा वाद अर्धवट आहे. दोन्हीकडे तीच माणसं होती. जर्मनीत निदान कुठे भाव-परवान्याची घासाघीस, कुठे दुसऱ्या कंपनीची तक्रार असं काहीतरी आडवं यायचं. जिंकलेल्या मुलखात विचारायला तिसरं कोणी उरलेलं नव्हतं. ना जमीनमालक, ना नगरपालिका, ना कोर्ट, ना कामगार संघटना. आराखडा कागदावरून जमिनीवर उतरायला एक सही पुरायची.

तुम्हाला काय वाटतं ते जरूर लिहा.

रेवदंडा
एक शंका

काका, लेख एका बैठकीत वाचला. शंका अशी की युद्धात सगळीच सरकारं उद्योग ताब्यात घेतात. ब्रिटनमध्येही पुरवठा मंत्रालय होतं, अमेरिकेत युद्ध उत्पादन मंडळ होतं आणि तिथेही उद्योगपतीच सरकारी खुर्चीत बसले होते. आपल्याकडे मुंबईतल्या गिरण्यांनीही खाकी कापड सरकारी मागणीनुसारच विणलं. मग फार्बेनचं वेगळेपण नेमकं कशात? फक्त हरले म्हणून खटला झाला, असं कोणी म्हटलं तर काय उत्तर द्यायचं?

अनुघटक
उत्तर

रेवदंडा, शंका रास्त आहे. उद्योगातला माणूस सरकारी खुर्चीत बसला एवढ्यावरून मी कोणाला दोषी म्हणणार नाही. ज्ञान कारखान्यात असतं, मंत्रालयात नसतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

फरक कुठे पडतो ते फ्रान्सच्या उदाहरणावरून दिसतं. तिथे मालक जिवंत होते, बोलणी टेबलावर झाली, करारावर सह्या झाल्या. फ्रान्स पडल्यावर, १९४० च्या ऑगस्टमध्ये, फार्बेनने अर्थमंत्रालयाला 'नवी व्यवस्था' नावाचा भला मोठा आराखडा पाठवला. युरोपातला रसायन उद्योग युद्धानंतर कसा असावा, कोणत्या देशात काय बनू द्यायचं, काय बंद करायचं, सगळं त्यात होतं. सरकारने मागितलेल्या माहितीच्या निमित्ताने कंपनीने स्वतःचा बाजार आखून दिला.

फ्रेंच रंग कंपन्या, त्यांत कुलमान मोठी, बोलणी करू पाहत होत्या. फार्बेन मुद्दाम थांबली. कोळसा, कच्चा माल, परवाने, सगळं जर्मन लष्करी प्रशासनाच्या हातात. कारखाने उपाशी राहिले की माणसं आपोआप नरम येतात, हा हिशोब. २१ नोव्हेंबर १९४० ला वीसबाडेनला बैठक झाली ती युद्धबंदी आयोगाच्या छताखाली, सरकारी प्रतिनिधी हेमेनच्या अध्यक्षतेखाली. एका बाजूला शस्त्र टाकलेल्या देशाचे कारखानदार, दुसऱ्या बाजूला कंपनी आणि सरकार खांद्याला खांदा लावून. १८ नोव्हेंबर १९४१ ला फ्रँकोलोर नावाची कंपनी निघाली, त्यात फार्बेनचे ५१ टक्के. वर्षभर उपाशी ठेवून मिळवलेले ५१ टक्के.

मुंबईच्या गिरणीला सरकारने खाकी विणायला लावलं, तरी शेजारच्या देशातली गिरणी बंद पाडून तिचे माग मुंबईत आणून बसवले नव्हते.

जुनाजाणता
त्याआधीचं पान

अनुघटक, फ्रान्सचा विषय काढलात म्हणून त्याच्या आधीचं पान जोडतो. ते नसलं तर चित्र एकांगी होईल.

पहिल्या महायुद्धानंतर ऱ्हाईनच्या पश्चिम काठावर फ्रेंच फौजा होत्या. लुडविग्सहाफेन आणि ओप्पाऊचे कारखाने, म्हणजे जिथे हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची हाबर-बॉश पद्धत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर चालली ते, फ्रेंचांच्या ताब्यात. पाडायचे की लुटायचे यावर चर्चा चालू होती. कार्ल बॉश तेव्हा व्हर्सायला जर्मन शिष्टमंडळात होता. त्याने फ्रेंच बाजूच्या जोसेफ फ्रोसारशी बोलून तोडगा काढला. तुम्ही आमचे कारखाने राहू द्या, आम्ही तुम्हाला अमोनियाचं तंत्र देतो. त्या तंत्रावर फ्रेंच सरकारने तुलूजला स्वतःचा नायट्रोजन कारखाना उभा केला. १९२३ मध्ये फ्रान्सने रूहर खोऱ्याचा ताबा घेतला तेव्हा फ्रेंच सैनिक पुन्हा कारखान्याच्या दारात आले.

तेच फ्रोसार १९४१ मध्ये फ्रँकोलोरचे अध्यक्ष होते. वीसबाडेनला फार्बेनच्या लोकांनी व्हर्सायचा आणि ऱ्हाईनच्या ताब्याचा पाढा वाचला होता, तो उगाच नाही. जखम खरी होती. तिच्या नावाखाली केलेली लूटही खरी होती.

जाता जाता एक गोष्ट, कारण कारखान्यात काम केलेल्याला ती टोचल्याशिवाय राहणार नाही. ओप्पाऊला खताचा ढीग फुटून ५०० हून जास्त माणसं मेली ती तारीख २१ सप्टेंबर १९२१. तुलूजचा तोच कारखाना, नंतरचा एझेडएफ, अमोनियम नायट्रेटच्या स्फोटात उडाला आणि ३१ माणसं गेली ती तारीख २१ सप्टेंबर २००१.

वकिलीबाणा
निकालात नेमकं काय म्हटलं

'हरले म्हणून खटला' या मुद्द्यावर थोडं सविस्तर लिहिते.

अमेरिकी न्यायाधिकरणापुढे २४ जण आरोपी होते. एकाला आजारपणामुळे वगळलं. जुलै १९४८ अखेर निकाल लागला : १३ दोषी, १० निर्दोष. आक्रमक युद्धाची आखणी केल्याच्या आरोपातून सगळे सुटले, क्राउखसुद्धा. चार वर्षांच्या योजनेत इतक्या वर बसलेला माणूसही युद्धाच्या राजकीय निर्णयात सामील होता असं न्यायाधीशांना वाटलं नाही. नुसता सूड घ्यायचा असता तर हे झालं नसतं.

दोष सिद्ध झाला तो दोन बाबतींत, लूट आणि गुलाम मजुरी.

लुटीचा कायदा १९०७ च्या हेग नियमांचा. त्याप्रमाणे व्याप्त प्रदेशात खाजगी मालमत्ता जप्त करता येत नाही. लष्कराच्या तिथल्या गरजेपुरती मागणी करता येते, तीही त्या प्रदेशाच्या ऐपतीच्या प्रमाणात. बचाव पक्षाचं म्हणणं, आम्ही तर रीतसर पैसे देऊन घेतलं. न्यायाधिकरणाने सांगितलं की मालकाची खरी संमती नसेल, व्यवहारामागे कब्जाचा दबाव असेल, तर किंमत मोजली म्हणून गुन्हा धुतला जात नाही. पोलंड, नॉर्वे आणि फ्रान्स या तिन्ही ठिकाणचे व्यवहार यात आले.

मला खटकणारा भाग वेगळा आहे. ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकियाच्या सुडेटनलँडमधले व्यवहार न्यायाधिकरणाने बाजूला काढले. कारण, तिथे युद्ध होऊन कब्जा झाला नव्हता. आउसिगचा, म्हणजे आजच्या ऊस्ती नाद लाबेमचा, मोठा रसायन कारखाना म्युनिक कराराने तो मुलूख गेल्यावर काही आठवड्यांतच फार्बेन आणि फॉन हाइडेन या कंपन्यांनी मिळून घेतला. बंदूक उडाली नाही म्हणून तो कायद्याने 'व्याप्त प्रदेश' ठरला नाही. विकणाऱ्याच्या मानेवर सुरी तीच होती.

गुलाम मजुरीत बचाव होता नाइलाजाचा. सरकारने कोटा दिला, नाही म्हटलं तर आमचीच गत वाईट झाली असती. बहुमताने हा बचाव बऱ्याच जणांपुरता मान्य झाला. ऑशविट्झच्या बाबतीत तो टिकला नाही, कारण तिथे पुढाकार कंपनीचा होता आणि कागद तसं सांगत होते. आम्ब्रोस आणि बांधकामप्रमुख ड्युरफेल्डला ८ वर्षं, संचालक टेर मेअरला ७, क्राउखला ६. न्यायाधीश पॉल हेबर्ट यांनी वेगळं मत नोंदवलं. त्यांच्या मते हा नाइलाज कुणाच्याच बाबतीत खरा नव्हता, संपूर्ण मंडळ जबाबदार होतं.

मी हेबर्ट यांच्या बाजूने आहे. ज्या मंडळासमोर दर महिन्याला खर्चाचे आकडे येतात, त्याला मजूर कुठून येतात हे कळत नाही, हे मला पटत नाही.

अनुघटक
हेबर्ट

वकिलीबाणाताई, मनापासून आभार. सुडेटनलँडचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता इतका नेमका मांडलात.

नियोजनाच्या बाजूने एक गोष्ट जोडतो. कारखान्याच्या मासिक अहवालात टन, किलोवॉट आणि माणसं एकाच तक्त्यात येतात. माणसांच्या रकान्यात या महिन्यात आलेले किती आणि गेलेले किती, असे दोन आकडे असतात. 'गेलेले' दर महिन्याला इतके मोठे का, हा प्रश्न मुख्यालयात बसलेल्या नवख्या कारकुनालाही पडतो. न विचारणं हा निर्णय असतो.

तोक्योकर
पूर्वेकडचा नमुना

इथे राहून ज्याबद्दल खूप वाचलं ते थोडक्यात देतो.

कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात. नोगुची शितागाऊ या उद्योजकाने १९२७ मध्ये तिथे नायट्रोजन खत कंपनी काढली आणि हुंगनाम या किनाऱ्यावरच्या गावात कारखाना बांधला. डोंगरात धरणं बांधून उत्तरेला वाहणारं नदीचं पाणी बोगद्यांतून पूर्वेकडे उतरवलं, त्यातून वीज, विजेतून अमोनिया. त्या काळातल्या जगातल्या मोठ्या रासायनिक संकुलांत हुंगनामची गणना होते. गव्हर्नर जनरलचं कार्यालय पाठीशी होतं. जमिनी सोडायला तयार नसलेल्या लोकांकडून त्या घेताना पोलीस मदतीला होते. अनुघटक म्हणतात ते 'विचारायला तिसरं कोणी नाही' इथे तंतोतंत लागू पडतं.

फरकही आहे. जर्मनीत कंपनीचा माणूस सरकारात गेला. कोरियात सरकारने नदीचा हक्कच कंपनीला देऊन टाकला आणि बाकीचं तिच्यावर सोपवलं. शेजारच्या मांचुरियात आणखी तिसरी तऱ्हा. तिथे १९३७ ची पंचवार्षिक औद्योगिक योजना अधिकाऱ्यांनी आखली, त्यांत पुढे पंतप्रधान झालेले किशी नोबुसुके होते, आणि ती राबवायला आयुकावा योशिसुके यांचा उद्योगसमूह जपानहून बोलावून घेतला.

नोगुचींच्या मूळ जपानी कंपनीचा दुसरा मोठा कारखाना मिनामाताला. होय, पाऱ्याच्या विषबाधेमुळे ओळखलं जाणारं तेच मिनामाता. १९४५ मध्ये हुंगनाम हातचं गेलं आणि तिथले बरेच जपानी इंजिनियर, कामगार मिनामाताला परतले. ॲसिटिलीनपासून ॲसिटाल्डिहाइड करताना पारा वापरायचा आणि सांडपाणी खाडीत. १ मे १९५६ ला त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. मूळ लेखातल्या बुनाच्या साखळीतही ॲसिटाल्डिहाइडची हीच पायरी आहे, आणि जर्मनीतल्या श्कोपाऊच्या बुना कारखान्याने झाले नदीत पारा सोडला तो याच पायरीतून.

वसाहतीत माणसांना न विचारता कारखाना चालवायची सवय लागलेली व्यवस्था मायदेशी परतली, तेव्हा आपल्याच कोळ्यांशी ती कशी वागली, यावर जपानी अभ्यासकांनी बरंच लिहिलं आहे. मला तो संबंध खरा वाटतो.

पाताळगंगा
आपल्याकडचं भूसंपादन

हे वाचताना आमच्या भागातल्या एमआयडीसीच्या जमिनी डोळ्यांसमोर आल्या. माझ्या आजोबांची भातजमीन गेली. तिथेही आराखडा आधी आणि विचारणा नंतर. मग आपण कुठे वेगळे?

अनुघटक
फरक आहे, आणि तो जपायला हवा

पाताळगंगा, जमीन जाण्याचं दुःख मी कमी लेखत नाही. मोबदला, पुनर्वसन, सांडपाणी, सगळ्यांबद्दल भांडण्यासारखं खूप आहे. तरी या दोन गोष्टी एका पारड्यात घालू नका. तुमच्या आजोबांना कोर्टाचा दरवाजा होता, आमदार होता, वर्तमानपत्र होतं. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अनेक मोठ्या रासायनिक प्रकल्पांना पर्यावरणाची जनसुनावणी आहे. ती अनेकदा उरकली जाते, हेही खरं. पण नाणारच्या रिफायनरीसाठी काढलेली भूसंपादनाची अधिसूचना लोकांच्या विरोधानंतर मार्च २०१९ मध्ये रद्द झाली. मोनोविट्झच्या शेतकऱ्याला हा विरोध नोंदवायला जागाच नव्हती.

म्हणूनच 'विकास अडवणारे लोक' असं कुणी जनसुनावणीला म्हटलं की मला राग येतो. नियोजनात काम केलेल्या माणसाला प्रश्न विचारणारं कोणीतरी लागतंच.

शिरीषफूल
माझे बाबा

माझ्या बाबांची उभी हयात मुलुंडच्या होक्स्टमध्ये गेली. ठाण्याला बायर, तुर्भ्याला बीएएसएफ, आमच्या ओळखीपाळखीत कितीतरी घरं या तीन कंपन्यांवर उभी राहिली. बाबांना कामाचा अभिमान होता आणि कंपनीने त्यांना मानाने वागवलं. ही तिन्ही नावं फार्बेनमधून निघाली हे मला आज इतक्या उशिरा कळतंय. बाबा आता नाहीत. हे त्यांना माहीत होतं का, असं मनात येऊन गेलं.

मायनकाठची
शिरीषफूल यांना, आणि फ्रँकफर्टहून थोडं

शिरीषताई, तुमच्या बाबांच्या कष्टांवर याचा काही डाग येत नाही. ३० नोव्हेंबर १९४५ च्या मित्रराष्ट्रांच्या कायद्याने फार्बेनची सगळी मालमत्ता जप्त झाली आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम जर्मनीत बीएएसएफ, बायर, होक्स्ट पुन्हा वेगळ्या झाल्या. पुढच्या पिढीतल्या कामगाराकडे बोट दाखवण्याचं कारण नाही. प्रश्न वरच्या खुर्च्यांचा आहे. सात वर्षांची शिक्षा झालेला टेर मेअर लवकर सुटला आणि १९५६ मध्ये बायरच्या देखरेख मंडळाचा अध्यक्ष झाला.

मी फ्रँकफर्टला असते. फार्बेनचं मुख्यालय, हान्स पोल्त्सिगने बांधलेली ती लांबलचक वक्र इमारत, युद्धानंतर अमेरिकी सैन्याकडे होती. २००१ पासून तिथे विद्यापीठ आहे. आवारात नॉर्बर्ट वोल्हाइम यांचं स्मारक आहे. झाडांमध्ये उभे फलक, त्यांवर कैद्यांचे छावणीच्या आधीचे फोटो : कुणी पोहायला निघालेलं, कुणी शाळेच्या गणवेशात. छोट्या घरावर १०७९८४ हा आकडा आहे. तो वोल्हाइम यांचा मोनोविट्झमधला क्रमांक.

त्यांनी १९५१ मध्ये इथल्या कोर्टात फार्बेनवर मजुरीच्या भरपाईचा दिवाणी दावा लावला. कंपनीचं उत्तर तेच, आम्ही सरकारी हुकमाचे ताबेदार होतो. १९५३ मध्ये कोर्टाने त्यांना १० हजार मार्क मंजूर केले आणि म्हटलं की कंपनीवर तिच्यासाठी राबणाऱ्या माणसांच्या जिवाची काळजी घेण्याची जबाबदारी होती. १९५७ मध्ये तडजोड होऊन कंपनीने ३ कोटी मार्क दिले, त्यातून हजारो माजी कैद्यांना थोडी थोडी रक्कम मिळाली. न्यूरेंबर्गने कुणाला किती वर्षं दिली यापेक्षा हा निकाल मला मोठा वाटतो. एका मजुराने आपल्या मालकाला कोर्टात खेचलं आणि जिंकला.

रेवदंडा
रशियाच्या बाजूचं काय?

सगळ्यांचे आभार, माझ्या शंकेचं उत्तर मिळालं. आणखी एक विचारतो. पूर्व जर्मनी सोव्हिएत फौजांच्या ताब्यात गेली तेव्हा लॉयना, श्कोपाऊ तिकडेच होते ना? तिथे कोणी आराखडा केला?

जुनाजाणता
लॉयना, १९४५ नंतर

हो, तिकडेच. आधी भरपाई म्हणून यंत्रं उपटून नेण्याचा सपाटा लागला. मग लक्षात आलं की कारखाना उचलून नेण्यापेक्षा जागेवर चालवून माल नेणं फायद्याचं. जून १९४६ मध्ये सोव्हिएत लष्करी प्रशासनाच्या आदेशाने सुमारे दोनशे मोठे कारखाने सोव्हिएत भागभांडवल कंपन्यांमध्ये घातले, त्यांत लॉयना, श्कोपाऊ, बिटरफेल्ड आणि वोल्फेनचा आग्फा. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला पहाटे सैनिक दारात आले आणि तज्ज्ञांना कुटुंबांसकट रेल्वेत बसवून रशियाला नेलं. उरलेले कारखाने १ जानेवारी १९५४ ला पूर्व जर्मनीला परत मिळाले.

छळछावणीशी याची तुलना होत नाही, करूही नये. पण जिंकणारा कुठलाही असो, कारखान्याच्या वह्या सगळ्यात आधी हातात घेतो, हे अनुघटकांच्या मुद्द्याशी जुळतं.

पाताळगंगा
कारखान्याचं पुढे काय झालं?

अनुघटककाका, तुमचं पटलं. शेवटचं एक. त्या ऑशविट्झच्या कारखान्याचं नंतर काय झालं? आणि फार्बेन नावाची कंपनी आता आहे का?

अनुघटक
दोन्हींची उत्तरं

२७ जानेवारी १९४५ ला लाल सेना तिथे पोचली. बऱ्याच यंत्रसामग्रीची बांधाबांध होऊन ती पूर्वेकडे गेली. उरलेल्या जागेवर पोलंड सरकारने रसायन कारखाना उभा केला आणि काही वर्षांनी तिथे कृत्रिम रबर खरंच बनू लागलं. आज ती सिंथॉस नावाची पोलिश कंपनी आहे. छावणीच्या जागी मोनोविट्झचे गावकरी परत येऊन राहिले, त्यामुळे मुख्य छावणीसारखं संग्रहालय तिथे झालं नाही. जिथे मृतांची नीट मोजदादच झाली नाही, त्या जागेबद्दल अंदाज १० हजारांपासून ३० हजारांपर्यंत जातात.

फार्बेनची गुंडाळणी मात्र फार लांबली. 'परिसमापनाधीन आय. जी. फार्बेन' या नावाने कंपनी कागदावर राहिली, तिचे शेअर बाजारात विकले जात राहिले, आणि भागधारकांच्या सभेत दरवर्षी वाचलेले कैदी आणि त्यांच्या बाजूचे तरुण बाहेर उभे राहून भरपाई मागत राहिले. २००३ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. व्यापारी नोंदवहीतून तिचं नाव निघालं ते ऑक्टोबर २०१२ मध्ये.